कॉलनीच्या मोकळ्या जागेत टर्फ घालावा का? कोल्हापूरकरांनी अनुभव सांगा

पाचगावकर | १२ एप्रिल, रात्री ९.५०

मंडळी, सल्ला हवाय. जरा सविस्तर लिहितो.

आमची कॉलनी पाचगाव रस्त्याला, ६४ घरांची. लेआउट पाडताना सोडलेली खुली जागा आहे, साधारण नऊ हजार चौरस फूट. पंधरा वर्षं ती तशीच पडून आहे. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात घोटाभर चिखल आणि दिवाळीपर्यंत कंबरेएवढं काँग्रेस गवत. पोरं खेळतात ती डिसेंबर ते मे, तेही अंधार पडेपर्यंत.

गेल्या रविवारच्या बैठकीत प्रस्ताव आला की सहा हजार फुटांवर जाळी आणि लाईटसह टर्फ, म्हणजे खेळायचं प्लास्टिकचं गवत, घालायचा. उरलेल्या जागेत लॉन कार्पेट, म्हणजे शोभेचं प्लास्टिकचं गवत, आणि ज्येष्ठांसाठी बाकं. अंदाजपत्रक २१ लाखांचं, म्हणजे घरटी तेहतीस हजार. निम्मी कॉलनी तयार आहे. मीही तयार होतो, अजूनही बराचसा आहे. माझा मुलगा आणि त्याची मित्रमंडळी दर शनिवारी रात्री अकरा ते बाराचा स्लॉट घेऊन कळंब्याकडच्या टर्फवर खेळतात. तासाला आठशे, दहाजणांत वाटून. रात्री बारा वाजता पोरं गाडीवरून घरी येतात तोवर डोळ्याला डोळा लागत नाही. दारातच सोय झाली तर बरंच.

पण बैठकीत एका आजोबांनी विचारलं, "यावर दुपारी अनवाणी उभं राहता येतं का?" कुणालाच सांगता आलं नाही. तेव्हापासून मनात घोळतंय. ऊन, पाऊस, किती वर्षं टिकतो, गुडघ्यांचं काय होतं, हे स्वतः अनुभवलेल्या कुणी सांगाल का?

टर्फमालक | १२ एप्रिल, रात्री ११.३५

मी टर्फ विकत नाही, चालवतो. बायपासला वडिलार्जित जमिनीतल्या तुकड्यावर सहा वर्षांपूर्वी सुरू केला, १०० बाय ६० फूट. तेव्हा आसपास दोन होते. आज गाडीवरून पंधरा मिनिटांत सात लागतात. त्यामुळे मागणी आहे का, हे विचारायलाच नको. ऑफिसातली माणसं, दुकान बंद करून येणारे, कॉलेजची पोरं, वाढदिवसाला टर्फ बुक करणारे, सगळे येतात. पावसात तर रांग असते, कारण बाकी सगळीकडे चिखल असतो.

आता तुमच्या कामाचं सांगतो. गवत बघून भुलू नका, खाली काय आहे ते बघा. तुमच्याकडे माती कसली? काळी असेल तर सावध. काळं रान पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात भेगाळतं. त्यावर नुसता मुरूम पसरून टर्फ घातला तर दोन पावसाळ्यांत लाटा उठतात. माझ्या पहिल्या ठेकेदारानं नेमकं हेच केलं. जुलैत एक कोपरा खचला, तळं साचलं, सांधे सुटले. सगळं उचलून चौदा इंच माती काढली. मग डबर, खडी, वर कच, प्रत्येक थराला रोलर आणि शंभराला एक असा उतार. तेव्हापासून कितीही पाऊस पडो, अर्ध्या तासात खेळायला तयार. टर्फच्या पाठीला भोकं असतात, पाणी त्यातून खाली जातं. पण खालून वाट नसेल तर जाणार कुठं?

गवताचे रोल दोन मीटर रुंदीचे येतात. सांध्याखाली पट्टी आणि वर चिकटपदार्थ. फुटबॉलसाठी ५० मिलिमीटरचं गवत घेतलंय. त्यात आधी सिलिका वाळू, मग रबराचे दाणे भरतात, वर पाती जेमतेम बोटाच्या एका पेराएवढीच दिसते. हे भरण आहे म्हणून गवत उभं राहतं आणि पाय टेकल्यावर मऊ लागतं. ते एका जागी कमी झालं की पाती आडवी पडते आणि तिथूनच टर्फ मरतो. गोलसमोर आणि क्रिकेटच्या क्रीजवर आधी. आठवड्याला ब्रश फिरवावाच लागतो. "देखभाल शून्य" असं कुणी सांगत असेल तर त्याला घराबाहेरूनच नमस्कार करा.

आयुष्य आठ ते दहा वर्षं धरा. माझा रोज सात-आठ तास वापर आहे, आत्ताच गोलसमोरचे दोन पट्टे बदललेत.

रेवतीची आई | १३ एप्रिल, सकाळी ८.१०

मी टर्फच्या बाजूनं लिहिणार आहे, आणि मनापासून.

माझी मुलगी चौदा वर्षांची, फुटबॉल खेळते. कोल्हापूर म्हणजे फुटबॉलचं गाव, असं आपण सगळीकडे सांगतो. पण संध्याकाळी कुठल्याही मैदानावर जाऊन बघा, मुलींना उभं राहायला कोपरा तरी मिळतो का? मोठी मुलं खेळत असतात, त्यांचं चुकतंय असंही नाही, जागाच तेवढी. टर्फवर मात्र सहा ते सातचा स्लॉट आमच्या नावावर असतो. त्या तासाला ती जागा मुलींची. लाईट आहे, जाळी आहे, दाराशी मालक बसलेला आहे. बारा मुली येतात, त्यातल्या चारजणींच्या घरून "मैदानावर जाऊ नको" असंच सांगितलेलं होतं.

२०१५ साली कॅनडात महिलांचा विश्वचषक सगळाच्या सगळा कृत्रिम गवतावर झाला, आणि पुरुषांना खरं गवत मग आम्हाला हे का, म्हणून खेळाडूंनी तक्रार केली होती. ते मला माहीत आहे आणि पटतंही. पण आमच्याकडे निवड गवत की टर्फ अशी नाहीच. टर्फ किंवा घर, अशी आहे.

मंगळवारपेठकर | १३ एप्रिल, दुपारी १२.२५

ताई, तुमचं म्हणणं काळजाला लागलं. त्यावर वाद घालणारच नाही. पण बाकीच्यांसाठी एक गोष्ट सांगतो.

मी पंचवीस वर्षं खेळलो. शाहू स्टेडियमवर लीग बघत वाढलो. पाटाकडील, शिवाजी, प्रॅक्टिस, दिलबहार, खंडोबा, यातल्या कुठल्याही संघाची मॅच असली की दुकानं लवकर बंद करून माणसं गॅलरीत. तो खेळ गवताचा आणि मातीचा होता. बॉल कसा टप्पा घेईल याचा भरवसा नाही, म्हणून पहिला स्पर्श शिकावाच लागायचा.

आता माझ्याकडे सकाळी पोरं येतात, त्यात टर्फवरच वाढलेली ओळखू येतात. पाय भारी चालतो, छोटे पास झकास, अरुंद जागेतून दोघांना चकवतात. पण मोठ्या मैदानावर आणलं की पंधरा मिनिटांत दम लागतो. या बाजूची विंग ते त्या बाजूची विंग असा बॉल काढता येत नाही. जाळीला लागून बॉल परत यायची सवय, त्यामुळे थ्रो-इन आणि कॉर्नरला कुठं उभं राहायचं हे समजत नाही. हेडर तर मारतच नाहीत. हा दोष पोरांचा नाही. १०० बाय ६० फुटांत फुटबॉलचा एक तुकडा शिकता येतो, सगळा खेळ नाही. पुऱ्या मैदानाची लांबी १०५ मीटर असते.

टर्फ वाढले म्हणून मी नाराज नाही. माझी भीती वेगळी आहे. "पोरांना टर्फ आहेत की" असं म्हणत उद्या मोकळ्या मैदानांकडे लक्ष द्यायचं बंद होईल. पावसाळ्यात गांधी मैदानाचं तळं होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. त्याचा निचरा व्हावा म्हणून गळा काढणारी माणसं टर्फच्या स्लॉटमध्ये निघून गेली, तर मागणी करणार कोण?

आणि पैशाचं. आठशे रुपये दहाजणांत वाटले की ऐंशी. तुमच्या माझ्या पोराला जमतं. ज्याच्या घरी ऐंशीला किंमत आहे तो पोरगा जाळीबाहेर उभा राहून बघतो. मैदानावर बॉल एकाचा असायचा आणि खेळायचे वीस.

गच्चीबाग | १३ एप्रिल, दुपारी ३.४०

लॉन कार्पेटबद्दल माझा अनुभव. राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावरची गच्ची, चारशे फूट. ३५ मिलिमीटरचं घेतलं, ४५ रुपये फुटानं. हिरव्याच्या दोन छटा आणि बुडाशी तपकिरी कुरळे तंतू असलेलं, म्हणजे खरं वाटतं. दोन वर्षं झाली.

सकाळ-संध्याकाळ छान. पण कार्पेटखाली गच्चीचं पाणी जायच्या नळाशी पानं अडकून पाणी तुंबतं, ते वरून दिसत नाही. पहिल्या पावसाळ्यात खालच्या खोलीत ओल आली तेव्हा कळलं. आता कडा चिकटवलेल्या नाहीत, महिन्यातून एकदा गुंडाळून धुते. कुत्रा असेल तर वास बसतो, पाणी मारत राहावं लागतं. गच्चीवर माती चढवणं मला शक्य नव्हतं, त्यामुळे पश्चात्ताप नाही. पण जमिनीवर माती असताना त्यावर हे कुणी का घालावं, हे मला खरंच समजत नाही. आमच्या गल्लीत दोन बंगल्यांनी पुढची बाग काढून काँक्रीट केलं आणि वर हे पसरलं. पहिल्या जोराच्या सरीला सगळं पाणी रस्त्यावर.

फिजिओ_राजारामपुरी | १३ एप्रिल, रात्री १०.०५

गुडघ्यांबद्दल विचारलंय म्हणून लिहिते. माझ्याकडे येणाऱ्यांत टर्फवाले बरेच असतात, पण त्याचं खापर सगळं टर्फवर फोडता येणार नाही.

सगळ्यात मोठी चूक बुटांची. मैदानावरचे, तळाला लांब खुंट्या म्हणजे स्टड असलेले बूट घालून टर्फवर उतरतात. स्टड तंतूंत रुततो, शरीर वळतं आणि पाऊल जागच्या जागी राहतं. मधला सांधा म्हणजे गुडघा, तो पिळवटतो. टर्फसाठी तळाला बारीक रबरी खुंट्या असलेले बूट मिळतात, तेच घ्या. क्रिकेटवाले तर साध्या गुळगुळीत बुटांत धावतात आणि ओल्या टर्फवर घसरतात.

दुसरं, वय आणि वेळ. दिवसभर खुर्चीत बसलेला चाळिशीचा माणूस रात्री अकराला थेट गाडीवरून उतरतो आणि पहिल्याच मिनिटाला स्प्रिंट मारतो. पोटरी आणि मांडीचा मागचा स्नायू दगा देणारच. स्लॉटचे पैसे मिनिटावर असतात म्हणून कुणी दहा मिनिटं अंग गरम करत नाही. ती दहा मिनिटं जाळीबाहेर करा.

तिसरं, घसरून पडल्यावर कातडी सोलवटते. ते भाजल्यासारखंच असतं. साबणपाण्यानं स्वच्छ धुवा, रबराचे कण आत राहू देऊ नका. हळद भरून झाकून टाकणं नको.

आणि खाली शॉक पॅड, म्हणजे धक्का शोषणारा मऊ थर, आहे का, हे ठेकेदाराला विचाराच. अंदाजपत्रकातून पहिल्यांदा गळतो तो हाच थर, कारण तो दिसत नाही.

भट्टीवाला | १४ एप्रिल, सकाळी ७.३०

शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. दोन गोष्टी.

टर्फमध्ये भरतात ती सिलिका वाळू आणि आम्ही कोअर, म्हणजे ओतकामाच्या साच्यातला गाभा, बनवायला वापरतो ती वाळू एकाच घरातली. आम्ही दाणा बघूनच घेतो, तुम्हीही बघा. दाणा गोल हवा, टोकदार नको. टोकदार दाणा घट्ट बसतो, निचरा अडवतो आणि तंतू कापतो. वाळू धुतलेली हवी. मूठभर घ्या, तळहातावर चोळा आणि फुंका. धूळ उडाली तर पोती परत पाठवा. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन काय करते ते आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. भरणाऱ्या कामगारांच्या तोंडाला मास्क असलाच पाहिजे.

दुसरं, त्या आजोबांचा प्रश्न. तो मला फार आवडला. आमच्याकडे लांबून तापमान मोजायची गन असते. उद्या दुपारी सुट्टी आहे. पाचगावकर, पत्ता कळवा. तुमच्याजवळचा टर्फ, तुमची मोकळी जागा आणि एखादं लॉन, तिन्ही मोजू. नुसतं बोलण्यात काय अर्थ आहे?

टर्फमालक | १४ एप्रिल, सकाळी ९.१५

माझ्याकडे या. दुपारी बंदच असतो, आणि का बंद असतो ते गनवर दिसेलच. मला लपवायचं काही नाही.

मॅट_आणि_माती | १४ एप्रिल, दुपारी १.००

ही चर्चा वाचताना मला लाल मातीची आठवण येते. खासबागेचं कुस्तीचं मैदान १९१२ चं. आखाड्याची माती म्हणजे नुसती माती नव्हे, त्यात तेल, हळद, ताक, लिंबू. रोज फावड्यानं खणायची, चाळायची. पण ऑलिंपिकची कुस्ती मॅटवर. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं, त्याआधी ते इथेच कोल्हापुरात शिकत होते. मातीवर डाव बसतो, पकड बसते. मॅटवर वेग लागतो. मॅट उशिरा आली, त्याची किंमत आपल्या कितीतरी पैलवानांनी मोजली.

हॉकीत तर हे देशानं अनुभवलं. कृत्रिम गवताची गोष्ट सुरू झाली अमेरिकेत ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये. १९६५ ला छत असलेलं ते स्टेडियम उघडलं तेव्हा आत खरं गवत होतं. छताच्या पारदर्शक काचांमुळे डोळ्यांवर तिरीप येऊन खेळाडूंना झेल दिसेनात, म्हणून काचा रंगवल्या. मग ऊन मिळेना आणि गवत मेलं. १९६६ ला नायलॉनचं गवत अंथरलं, त्याचंच नाव ॲस्ट्रोटर्फ. वनस्पती तुपाला सगळे डालडा म्हणायचे, तसं ते नाव सगळ्याच टर्फला चिकटलं. म्हणजे ही वस्तू जन्मली ती गवत जगूच शकत नव्हतं अशा जागेसाठी, हे लक्षात ठेवा.

दहा वर्षांत, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये, हॉकी या गवतावर गेली. आदल्याच वर्षी क्वालालंपूरला गवतावर विश्वचषक जिंकलेला भारत तिथे सातवा आला. सगळं कारण टर्फच होतं असं म्हणणार नाही. पण आपली पोरं गवतावर ड्रिबल करत वाढलेली, आणि टर्फवर बॉल सरळ, सुसाट जातो. तिथे ताकद आणि पळ लागतो. १९८० ला मॉस्कोत सुवर्ण मिळालं, मग मात्र २०२१ मधल्या टोकियोपर्यंत पदकाची वाट बघावी लागली.

म्हणून हॉकीसाठी टर्फ नको, असं मी कधीच म्हणणार नाही. ज्या खेळाची स्पर्धाच टर्फवर होते त्या पोरांना टर्फ मिळालाच पाहिजे, आणि लहानपणीच. फुटबॉलचं तसं नाही. २०२६ च्या विश्वचषकासाठी अमेरिकेतल्या ज्या स्टेडियममध्ये एरवी कृत्रिम गवत असतं, तिथेही फिफानं खरं गवतच मागितलं.

इथेनॉल | १४ एप्रिल, रात्री ९.२०

साखर कारखान्यातल्या माणसाकडून थोडी भर. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ ला हॉकी ज्या टर्फवर झाली, त्याच्या तंतूंतला बराचसा कच्चा माल उसापासूनचा होता. उसापासून इथेनॉल, इथेनॉलमधून पाणी काढलं की इथिलीन, त्याचं पॉलिइथिलीन. ब्राझीलमध्ये २०१० पासून हे मोठ्या प्रमाणावर बनतं. पहिल्या दोन पायऱ्यांपैकी एक तर आपल्या जिल्ह्यात रोज घडते. उद्या आपल्या उसाचं गवत झालं तर मला अभिमानच वाटेल.

पण गैरसमज नको. उसापासून झालं म्हणून ते कुजत नाही. एकदा पॉलिइथिलीन झालं की ते खनिज तेलाचं असो वा उसाचं, रेणू तोच. दहा वर्षांनी उचलल्यावर प्रश्न तसाच उरतो.

आणि रबराचे दाणे. ते जुन्या टायरचे असतात. एका पुऱ्या फुटबॉल मैदानात शंभर टनांच्या आसपास जातात. बुटातून, पावसाच्या पाण्यातून ते बाहेर पडत राहतात. युरोपीय संघानं २०२३ मध्ये नियम केला, ऑक्टोबर २०३१ नंतर असे दाणे तिथे विकता येणार नाहीत. कारण आरोग्यापेक्षा सूक्ष्म प्लास्टिक हे आहे. खेळणाऱ्यांच्या तब्येतीबद्दल नेदरलँड्सच्या सरकारी आरोग्य संस्थेनं २०१६ मध्ये तपासणी करून धोका नगण्य असल्याचं सांगितलं होतं, तेही लक्षात घ्यावं. पण दाणे जातात हे खरंच आहे. आपल्याकडे ते गटारातून जयंती नाल्यात आणि तिथून पंचगंगेत. पर्याय म्हणून बुचाचा, म्हणजे कॉर्कचा, भुगा आणि नारळाचा काथ्या वापरतात. काथ्याला कोकण काही लांब नाही.

मंगळवारपेठकर | १४ एप्रिल, रात्री १०.४५

पंचगंगेचं निघालंच म्हणून विचारतो. नदीकडच्या टर्फचं पुरात काय झालं? २०१९ ला राजाराम बंधाऱ्याला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळीच ४३.

टर्फमालक | १५ एप्रिल, सकाळी ८.००

माझा उंचावर आहे. पण नदीकडच्या ओळखीतल्या एकाचा २०२१ ला सात दिवस पाण्यात होता. गाळ तंतूंच्या मुळाशी बसला. तो सुकला की सिमेंटसारखा होतो, वाळू आणि रबराबरोबर एकजीव होतो. धुऊन निघाला नाही. पूररेषेत टर्फ घालू नका, ठाम सांगतो. मातीचं मैदान पुरानंतर महिन्याभरात उभं राहतं.

भट्टीवाला | १५ एप्रिल, संध्याकाळी ५.१०

आज पावणेतीन वाजता मोजलं. आकाश निरभ्र, हवेचं तापमान ३७. टर्फमालकांचे आभार, त्यांनी थंड ताकही दिलं.

टर्फचा पृष्ठभाग ६४ अंश. गोलसमोर, जिथे रबर जास्त वर आलंय, तिथे ६८. पाचगावकरांच्या कॉलनीतली उघडी माती ५१, तिथले पेव्हर ब्लॉक ५५. शेजारच्या बंगल्यातलं पाणी घातलेलं लॉन ३६. आणि कॉलनीच्या कुंपणाशी नळ गळतो तिथे आपोआप उगवलेली हरळी, तीही ३७. करंजाच्या सावलीतली माती ३३.

टर्फवर आम्ही पाच बादल्या पाणी मारलं. लगेच ४१ वर आला. वीस मिनिटांनी परत ५७.

संध्याकाळी साडेसहाला पुन्हा गेलो, तेव्हा टर्फ ३५. म्हणजे रात्री खेळणाऱ्यांना काहीच त्रास नाही. पण आजोबांना उत्तर द्यायचं तर, नाही. दुपारी अनवाणी उभं राहता येत नाही. मी स्वतः उभा राहून बघितलं, पाच आकडेही मोजून झाले नाहीत.

करवीरचा शेतकरी | १५ एप्रिल, रात्री ८.३०

एवढा वेळ नुसता वाचत होतो. भट्टीवाल्यांनी हरळीचं नाव काढलं म्हणून लिहितोय.

शहरात नर्सरीवाले जे बर्म्युडा गवत म्हणून विकतात, ती जात आमच्या हरळीचीच. गणपतीला वाहता त्या दुर्वाही त्याच. उसात हरळी शिरली की आमची झोप उडते. खणा, जाळा, औषध मारा, पेराएवढा तुकडा राहिला तरी परत येते. शेतात ती वैरीण. पण ज्या मैदानावर पोरांनी रोज नाचायचं तिथे याच्याइतकं चिवट दुसरं काय असणार? तुडवली की आडवी पसरते. उन्हाळ्यात वाळल्यासारखी दिसते, पहिल्या वळवाला हिरवी. तिला फक्त दोन गोष्टी चालत नाहीत, सावली आणि तुंबलेलं पाणी.

पाचगावकर, तुमच्या मैदानाचं दुखणं गवताचं नाहीच, निचऱ्याचं आहे. टर्फ घालायचा म्हणून जो उतार काढणार, जी चर खणणार, तेवढंच करा. वर पोयटा आणि वाळू सहा इंच पसरा आणि मृगाच्या तोंडावर हरळीच्या काड्या टोचा. दोन महिने कुणाला पाय ठेवू देऊ नका. दिवाळीला मैदान तयार. कापायला मशीन लागेल, आठवड्याला पाणी लागेल. फुकट काहीच नाही. पण एकवीस लाख नक्की नाहीत.

रेवतीची आई | १५ एप्रिल, रात्री ९.४५

दादा, हे ऐकायला छान वाटतं. पण दोन महिने कुणी पाय ठेवायचा नाही, मग पावसाळा आहे, मग परीक्षा. मुलींना लाईट कुठून मिळणार? गवत आल्यावर संध्याकाळी परत मोठी मुलंच तिथे असतील. गवत की टर्फ यापेक्षा वेळ कुणाला, हे आधी ठरवा. ते कागदावर लिहा. नाहीतर तुमच्या कॉलनीत हरळी येईल आणि माझ्या मुलीसारख्या मुली तरीही घरीच बसतील.

मंगळवारपेठकर | १५ एप्रिल, रात्री १०.१०

ताई बरोबर बोलल्या. मी मैदानाबद्दल एवढं लिहिलं आणि हे माझ्या लक्षातच आलं नाही. आमच्या वेळेलाही मुली मैदानावर नव्हत्या, आणि आम्ही कधी विचारलंही नाही की का नाहीत.

पाचगावकर | २० एप्रिल, रात्री ११.००

उशीर झाला, पण बैठक होईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तुमचे सगळे प्रतिसाद छापून नेले. भट्टीवाल्यांचे आकडे फळ्यावर लिहिले. आजोबांनी ते दोनदा वाचले आणि काहीच बोलले नाहीत.

वाद भरपूर झाला. तरुणांचं म्हणणं होतं की आम्ही दुपारी खेळतच नाही, रात्री खेळतो, मग ६४ अंशांचं आम्हाला काय? त्यात तथ्य आहे. पण ती जागा दुपारीही कॉलनीतच असते. भोवती चौदा घरं आहेत, आणि सहा हजार फुटांचा तवा त्यांच्या खिडक्यांसमोर तापणार. शिवाय भाड्यानं द्यायचा नसेल तर आठ-दहा वर्षांनी पुन्हा टर्फ घालायचे पैसे कुठून आणणार, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. भाड्यानं द्यायचा तर ती खुली जागा सगळ्यांची राहत नाही.

शेवटी असं ठरलं. निचरा पक्का करायचा, टर्फमालकांनी सांगितलेल्या उतारासह. दोन फूट काळी माती आहे आणि खाली मुरूम, त्यामुळे चर मुरमापर्यंत नेणार. सहा हजार फुटांवर हरळी. एका कडेला ७० बाय १२ फुटांची पट्टी मात्र टर्फची, क्रिकेटच्या सरावासाठी, जाळीसह. तिथे गवत टिकणारच नाही हे सगळ्यांनी मान्य केलं. तिच्यात रबर नाही, फक्त वाळू. खांबांवर चार लाईट. लॉन कार्पेट रद्द, त्या जागेत बाकं आणि दोन करंज. पहिला अंदाज साडेसहा लाखांच्या आसपास निघतोय.

रेवतीच्या आई, तुमचा प्रतिसाद माझ्या पत्नीनं वाचून दाखवला. सोमवार, बुधवार, शुक्रवार साडेपाच ते सात मैदान मुलींचं, हे ठरावात लिहून घेतलंय. कॉलनीत मुली सातच आहेत. तुमच्या बाराजणी आल्या तर दोन संघ होतील, दिवाळीनंतर जरूर या. मंगळवारपेठकर, शिकवायला याल का? मानधनाचं बोलू.

आता खरी अडचण. नर्सरीत विचारलं तर हरळीच्या रोपांचा भाव ऐकून थक्क झालो.

मंगळवारपेठकर | २० एप्रिल, रात्री ११.२०

येतो. मानधन वगैरे राहू दे. बॉल चांगले घ्या.

करवीरचा शेतकरी | २१ एप्रिल, पहाटे ५.४०

हरळी विकत घेऊ नका हो. माझ्या पाच बांधांवर आहे तेवढी न्या, उलट उपकार होतील. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक वळीव होऊ द्या, मग मुळासकट उपटायला सोपी जाते. पाच-सहा पोरं आणि वीस-पंचवीस पोती घेऊन या, ट्रॉली माझी. काड्या त्याच दिवशी ओल्या गोणपाटात ठेवून संध्याकाळपर्यंत टोचायला हव्यात, त्यामुळे जमीन आधी तयार ठेवा. पोयटा टाकल्यावर एक फोटो इथे टाका, जाडी बघून सांगतो.